बँकेच्या पायरीची धास्ती

प्रश्न : माझे वय ४७ आहे. मी घरून डबे देते. मोठी शेगडी आणि भांडी घेण्यासाठी कर्ज मागितले, पण दोन्ही वेळा बँकेने अर्ज नाकारला. तेव्हापासून बँकेत जायचे म्हटले की छातीत धडधडते आणि हल्ली नव्या डब्यांची मागणी आली तरी ‘आपल्याला झेपायचे नाही’ म्हणून मी नकार देते. घरचे ‘सकारात्मक विचार कर’ म्हणतात, पण मला ती स्वतःची फसवणूक वाटते. मुळातला घाबरट स्वभाव या वयात बदलतो का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : घरच्यांच्या सल्ल्याबद्दल तुम्हाला वाटणारी शंका रास्त आहे. ‘सारे छान होणार’ असे रोज घोकल्याने बँकेचा निर्णय बदलत नाही आणि हे मनाला पक्के ठाऊक असल्याने भीतीही हटत नाही. मात्र ज्याला तुम्ही स्वभाव म्हणता, तो स्वभाव असेलच असे नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचा झटका डोक्याने फळी दाबून थांबवता येत असे. इतरांना तितकेच झटके बसत, पण ते थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. पुढे दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवले, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले, तर दुसऱ्या गटातले बरेचसे जागीच पडून राहिले. (प्रयोग निर्दय होता, हे म्हणायलाच हवे.) हे प्राणी असहाय्यता ‘शिकले’, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. मेंदूविषयीच्या नंतरच्या संशोधनाच्या आधारे याच दोघांनी २०१६ मध्ये तो उलटा केला : दीर्घकाळ त्रास झाला की हातपाय गाळणे ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे, शिकावे लागते ते ‘माझ्या कृतीने फरक पडतो’ हे. पडून राहिलेल्या कुत्र्यांनाही पट्ट्याला धरून वारंवार पलीकडे ओढून नेल्यावरच ते पुढे आपणहून उड्या मारू लागले. म्हणजे धीर आधी आणि कृती नंतर, असा क्रम नसतो.

माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे अपयशाचा आपण लावलेला अर्थ. सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्याची तीन अंगे सांगितली : दोष माझाच आहे का, तो कायमचा आहे का आणि तो आयुष्यात सगळीकडे पसरलेला आहे का. तुमच्या पत्रात तिसरे अंग ठळक दिसते. नकार कर्जाच्या अर्जाला मिळाला आणि त्याचा हिशेब तुम्ही डब्यांवर चुकता केलात; वास्तविक लोक नवे डबे मागतात, ते तुमच्या हाताला चव आहे म्हणूनच.

अशा वेळी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत उपयोगी पडते, कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी वाचकांना परिचित आहे. वहीत प्रसंग लिहा : ‘अर्ज नाकारला’. त्याखाली मनात आले ते : ‘आपली लायकीच नाही’. मग परिणाम : ‘नवा डबा घेतला नाही’. त्यानंतर मधल्या वाक्याची वकिलासारखी उलटतपासणी करा. त्याला पुरावा काय? बँकेने नेमके कोणते कारण दिले, याचा तुमच्या सबंध पत्रात उल्लेखच नाही! अर्ज नाकारण्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळवावीत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तेव्हा शाखेत जायचे ते कर्ज मागायला नव्हे, केवळ ते कारण मागायला. हवे तर सोबत कुणाला घ्या. तुमचा पतअहवालही, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी, सिबिलसारख्या संस्थेकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. त्यात एखादा जुना थकलेला हप्ता निघाला, तर दोष तुमचा ठरेल खरा, पण तो फेडता येण्याजोगा असेल. आणि पुढच्या आठवड्यात मागणी आल्यास एकच नवा डबा स्वीकारा.

आशावाद सगळीकडे वापरू नये, हेही सेलिगमन सांगतात. चुकीची किंमत मोठी असेल तिथे निराशावादी हिशेबच बरा. त्यामुळे कर्ज किती घ्यायचे हे ठरवताना डबे कमी होतील असे धरूनच हप्ता बसतो का ते पाहा आणि दागिने गहाण टाकण्याची घाई करू नका.

छातीतली धडधड बँकेखेरीज इतर वेळीही होत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल, तर केवळ वहीवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.