बॉल गेला की पळ

प्रिय पोरा,

रविवारी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून तू म्हणालास, "काका, सात मॅच झाल्या, एक गोल नाही. पासच देत नाहीत मला." मी चहा संपवला आणि उठलो. रागावलो नव्हतो. पण तेव्हा बोललो असतो तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं. म्हणून आज लिहितोय.

इयान रशची गोष्ट तूच मला ऐकवलीस. १९८० साली चेस्टर क्लबकडून तीन लाख पौंडांना इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबनं घेतलेलं वेल्सचं पोर. पहिल्या मोसमात नऊ सामने, गोल शून्य. पगार वाढवून मागायला मॅनेजर बॉब पेझलींकडे गेला, तर त्यांनी सुनावलं की तुला गोल करायला घेतलंय, समोर गोल दिसला की स्वतःच मार. १९८१ च्या सप्टेंबरात फिनलंडच्या संघाविरुद्ध पहिला गोल झाला आणि त्या मोसमाअखेर आकडा तीसवर गेला. पुढे १९८३-८४ ला तर सगळे सामने धरून ४७!

या सगळ्यातून तू काय उचललंस? स्वार्थी व्हायचं. अर्धीच गोष्ट ऐकलीस, मर्दा.

बॉल दुसऱ्याकडे गेला की रश काय करायचा, ते बघ. जुन्या मॅच तुझ्या फोनवर आहेत, गोल सोडून बाकीचं बघ. त्या काळी बॅकनं, म्हणजे बचावातल्या गड्यानं, मागं दिलेला बॉल गोलकीपर सरळ हातात घ्यायचा. तो नियम १९९२ ला बदलला. म्हणजे बॅकच्या मागं धावणं जवळजवळ फुकटच. तरी हा धावायचा. दहातल्या नऊ वेळा हाती काही लागायचं नाही, पण बॅकला मान वर करायला सवड मिळायची नाही. घाईत बॉल कुठंतरी जायचा, आणि मागं डॅलग्लिश, सूनेस असली माणसं टपलेली. लिव्हरपूलचा पहिला बॅक हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे रशच, होता. बॉल गेला की पळ.

१९८६ ची इंग्लंडच्या एफए कपची फायनल आठव. लिव्हरपूल विरुद्ध एव्हर्टन, दोन्ही एकाच शहराचे. एव्हर्टन एक गोलनं पुढं. त्यांचा एक पास चुकला, लिव्हरपूलच्या मोल्बीनं बॉल पुढं सोडला, रशनं गोलकीपरला वळसा घालून गोल केला. मग जॉन्स्टनचा एक, आणि शेवटी पुन्हा रशचा. ३-१. लीग आणि कप एकाच वर्षी. आणि हा गडी लहानपणी एव्हर्टनचा चाहता! त्यांच्याविरुद्ध त्याचे २५ गोल आहेत. लिव्हरपूलसाठी एकूण ६६० सामन्यांत ३४६. मधलं एक वर्ष युव्हेंटसला गेला, तिथं जमलं नाही, परत आला. तुला गोलांचा दुष्काळ पडला म्हणून आभाळ कोसळत नाही.

आता माझं. तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळताना बॉल गेला की मी कमरेवर हात ठेवून उभा राहायचो. दम राखतोय म्हणायचो. त्यात तथ्य होतंच. उन्हाचा तडाखा, धुरळा, आणि आमचे हाफ बॅक तरी कुठं मोठे जिवाचं रान करत होते? असो. एका फायनलला मी सोडून दिलेल्या बॅकनं निवांत मान वर केली आणि आमच्या गोलपुढं लांब सेंटर टाकला. गोल. पुढच्या मोसमात मी बाकावर. लोकांना सांगतो की गुडघा गेला म्हणून सुटलं. गुडघा दोन वर्षांनी गेला, पोरा. हे घरीसुद्धा कुणाला माहीत नाही.

तेव्हा पासाचं रडगाणं माझ्यापुढं गाऊ नकोस. रविवारी मी मोजत होतो. तुझ्या पायातून अकरा वेळा बॉल गेला. दोनदा मागं धावलास, नऊ वेळा पंचांकडे हात केलास. तुला पास न देणारी पोरं ते नऊ हात बघतात. बॉल गेला की पळ. गोल मारताना खुशाल स्वार्थी हो, मी अडवत नाही. पण बॉल गेला की पळ.

गुरुवारी सकाळी सहाला ये. मी शिट्टी आणि वही घेऊन येतो. गोल लिहिणार नाही. आणि बूट धुऊन आण, गेल्या खेपेचा चिखल अजून तसाच आहे.

तुझा
काका

ता. क. चहाचे पैसे तूच दिलेस, लक्षात आहे.