अब्लेशन करताना 'सिग्नल बघून' जागा ठरवतात, म्हणजे नेमकं काय बघतात?

वडिलांचं एट्रियल फिब्रिलेशनचं (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत, थरथरती लय) अब्लेशन, म्हणजे दोषी ऊती कॅथेटरने जाळून निकामी करणं, ठरलंय, तर हृदयाच्या आतून टिपलेले हे विजेचे सिग्नल कसले आणि ते फसवतात का, असं तुम्ही विचारलंय. फसवतात, आणि म्हणूनच ते वाचणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे.

सर्वांत भरवशाचा सिग्नल फुप्फुसशिरांच्या तोंडाशी मिळतो. या शिरांमधून निघणारे जादा ठोके फिब्रिलेशन सुरू करतात, हे 1998 मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. तिथे गोल कॅथेटर ठेवला की आधी अलिंदाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) बोथट आणि मागून शिरेचा टोकदार सिग्नल दिसतो. तोंडाभोवती जाळलेलं कडं पुरं झालं की टोकदार सिग्नल नाहीसा होतो. मग निदान 20 मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, कारण नुसत्या सुजेने बंद पडलेली वाट परत उघडते.

डाव्या वरच्या शिरेत हमखास घोळ होतो. शेजारच्या अपेंडेजचा (अलिंदाला जोडलेल्या छोट्या पिशवीचा) सिग्नल तिथे उमटतो आणि शिरेची वाट अजून बंद झालेली नाही असं वाटतं. अशा वेळी अपेंडेजमधून पेसिंग करावं, म्हणजे विजेचे ठोके द्यावेत. संशयित सिग्नल पेसिंगच्या खुणेजवळ सरकला, तर तो शिरेचा नव्हेच. तिथे जाळत राहणं व्यर्थ आणि धोक्याचंही.

कमी व्होल्टेजचंही तसंच. बायपोलर (शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या फरकाचा) सिग्नल 0.5 मिलिव्होल्टखाली गेला की ऊती खराब धरतात, पण कॅथेटर नीट टेकला नसेल किंवा लहर दोन इलेक्ट्रोडना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात गेली, तर निरोगी जागीही आकडा घसरतो.

फिब्रिलेशन चालू असताना तुटक, दातेरी सिग्नल शोधतात किंवा प्रबळ वारंवारता (सिग्नल सेकंदाला मुख्यतः किती वेळा येतो ते) काढतात. त्यासाठी बऱ्याचदा आधी निलयाचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) ठोका वजा करावा लागतो. नोंदीचा 4 सेकंदांचा तुकडा घेतला तर वारंवारता 0.25 हर्ट्झच्या टप्प्यांतच कळते. 6 हर्ट्झ म्हणजे साधारण 167 मिलिसेकंदांना एक ठोका. एकाच ठोक्याची दोन टोकं उमटली की यंत्र दुप्पट आकडाही सांगू शकतं. शिवाय दातेरीपणा दोन लहरींच्या टकरीतूनही येतो, तेव्हा ती जागा दोषी असेलच असं नाही. सततच्या फिब्रिलेशनच्या 589 रुग्णांवरील स्टार एएफ 2 चाचणीत (2015) शिरांबरोबर असे दातेरी भागही जाळून जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यामुळे पहिल्या वेळेला शिरा पक्क्या वेगळ्या करण्यावरच भर असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: शिरांव्यतिरिक्त कुठे जाळणार असाल तर कोणत्या सिग्नलवरून, आणि शेवटी ब्लॉक (शिरांची वाट खरंच बंद झाली का ते) कसा तपासणार?