मानेवरचा काळा पट्टा

प्रश्न : मावशी, मी २६ वर्षांची, प्रतापनगरला राहते. तीन-तीन महिने पाळी येत नाही, हनुवटीवर केस येतात. डॉक्टरांनी पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाशी जोडलेला हार्मोनचा आजार, सांगितलं, औषध सुरू आहे. पोटात असताना पुरुषी हार्मोन जास्त मिळाले तर मुलीला हा त्रास होतो, असं वाचलं. आईलाही लग्नानंतर सहा वर्षं दिवस राहिले नव्हते. रागात मी तिला म्हटलं, ‘हे तुझ्यामुळे झालं.’ तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. तिची मानही माझ्यासारखीच काळी आहे, ती म्हणते नागपूरचं ऊन. मी तिला माफ कसं करू?

उत्तर : माफीचं नंतर बघू. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मानेपाशी अडले.

अगं, भर मे महिन्यात सीताबर्डीत फिरून आलं तर हात काळवंडतात, स्कार्फखालची मान नाही. मानेच्या घडीत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा, तसाच काखेत, ही बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. बेसन-लिंबू चोळून ती जात नाही. हेच वाढलेलं इन्सुलिन बीजांडकोशाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. सहा वर्षं न राहिलेले दिवस आणि ही मान एकत्र पाहिली की मला वाटतं, तुझ्या आईलाही तुझाच आजार असावा. तिला फक्त कुणी त्याचं नाव सांगितलं नाही.

तू वाचलंस ते खोटं नाही. गाभण माकडिणींना पुरुषी हार्मोन दिल्यावर त्यांच्या माद्या पिल्लांत मोठेपणी अशीच लक्षणं दिसली. स्वीडनमधल्या नोंदींवर २०१९ साली अभ्यास झाला, त्यात पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलींमध्ये हे निदान पाचपट आढळलं. पण त्याच अभ्यासात उंदरांवरही प्रयोग होते आणि त्यांच्यात हा परिणाम तिसऱ्या पिढीपर्यंत उतरला. मग आजीलाही जाब विचारशील का? तुझ्या आईने तुला काही मुद्दाम पाजलं नाही. तिच्या अंगात जे होतं, त्यातच तू वाढलीस. आणि मूल होत नाही म्हणून सहा वर्षं तिने काय काय ऐकलं असेल, हे तू तिला कधी विचारलंस? पत्रात त्यावर एक ओळ नाही, याचाच मला राग आला.

तिच्या शुगरबद्दलही तू काही लिहिलं नाहीस. पीसीओएस असलेल्या बायकांना मधुमेहाचा धोका जास्त असतो, पाळी थांबली तरी तो टळत नाही. म्हणून या शनिवारी सकाळी दोघी उपाशीपोटी लॅबमध्ये जा. आधी रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त. तिला मधुमेह आधीच निघाला असेल, तर ग्लुकोज फक्त तू पी. तिला थेट डॉक्टरांकडे ने. ‘मला काही होत नाही’ म्हणेल, ऐकू नकोस. गाडीवर मागे बसव आणि निघ.

ते दोन तास मोबाइल पर्समध्ये ठेव. विसाव्या वर्षी तिची पाळी कशी होती, हे तिला विचार. तुझ्या डॉक्टरांनाही ते कळायला हवं. ती आधी टाळेल, मग सांगेल. मध्ये बोलू नकोस.