मोबाईल असताना रोज साताऱ्याला कशाला?

प्रश्न : मी जावळी तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि साताऱ्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नोट्स ग्रुपवर येतात, अर्ज ऑनलाइन भरता येतात, व्याख्याने यूट्यूबवर मिळतात. मग रोज एसटीला पैसे कशाला घालायचे, परीक्षेपुरती जात जा, असे वडील म्हणतात. घरात स्मार्टफोन एकच असून तो दिवसभर भावाकडे असतो. वडिलांना काय सांगावे?

उत्तर : वडिलांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पूर्वी खिडकीसमोर रांग लावावी लागे, तो अर्ज आता महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो आणि तेवढी फेरी वाचते. परंतु त्याच अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा, आधारचे काम राहिले असेल तर बोटांचे ठसे द्यायचे, कागद स्कॅन करायचे, म्हणजे मेढ्याला, तालुक्याच्या गावी, सेवा केंद्रात जाणे आलेच. आणि तिथे सर्व्हर बंद असला की दुसरा हेलपाटा. अभ्यासाचेही तसेच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे, आणि ही दोन्ही कामे घरबसल्या होत नाहीत. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरचा अभ्यासक्रम मोबाईलवर पुरा केला, तरी श्रेयांकांसाठी (क्रेडिटसाठी) त्याची अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

तुमच्या पत्रातली कळीची गोष्ट मात्र भावाकडच्या फोनची आहे. नोट्स ग्रुपवर येतात हे खरे, पण तो ग्रुप तुम्हाला रात्री, फोन हाती आल्यावर आणि दिवसाचा डेटा उरला असेल तरच दिसतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तक आहे, संगणक आहे, आणि न समजलेले विचारायला शिक्षक आहेत. वडील ज्या इंटरनेटच्या भरवशावर तुमचा प्रवास थांबवू पाहतात, ते इंटरनेट तुमच्यापुरते बरेचसे साताऱ्यातच आहे, हे त्यांना शांतपणे दाखवून द्या.

आता खर्चाविषयी. बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो. त्यामुळे पदवीला प्रवेश घेतल्यावर घरच्यांना प्रवासखर्च एकदम डोळ्यांवर येतो, आणि माझ्या मते बरीचशी कुरकुर इथूनच सुरू होते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट आहे, तर विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. आठवड्यातून दोनच दिवस जायचे असेल तर निम्मे तिकीट स्वस्त पडेल. रोज जाणार असाल तर पासच परवडतो. यांपैकी कोणतीच सवलत वडापला, म्हणजे खासगी प्रवासी जीपला, चालत नाही. संध्याकाळी शेवटचा तास लांबला आणि गाडी चुकली, की पास पिशवीत असूनही रोख पैसे मोजावे लागतात. म्हणून साताऱ्याच्या स्थानकात मुली एकमेकींना ‘गाडी लागली का?’ असे मेसेज करताना दिसतात. इंटरनेटने प्रवास सोपा केला असेल तर तो असा. पण ज्या मुलीकडे स्वतःचा फोन नाही, तिला याचाही उपयोग होत नाही. गाडीची वेळ सांभाळणारी एखादी मैत्रीण तुम्ही जरूर धरून ठेवा.

आणखी एक बाब वडिलांपेक्षा गावाला सांगण्याजोगी आहे. पैशांअभावी किंवा परतीच्या गाडीच्या काळजीने घरी राहिलेली मुलगी कोणत्याही तिकीटविक्रीत मोजली जात नाही. मागणी नाही असे दिसते, फेरी कमी होते, आणि मग उरलेल्या मुलींनाही जाणे अवघड होते. तुमच्या गावातून साताऱ्याला शिकायला जाणाऱ्या सगळ्या मुलींनी महाविद्यालय सुटण्याची वेळ लिहून एसटीच्या आगारप्रमुखांना एकत्र अर्ज द्यावा. त्यात जाणे बंद केलेल्या मुलींचीही नावे घालावीत, आणि अर्जाची पोच घ्यावी.

तूर्त एक महिना वहीत तारीखवार लिहा : आज साताऱ्यात कोणते काम झाले, त्यातले कोणते घरच्या फोनवर झाले असते. वडिलांशी बोलताना ती वही समोर ठेवा. पुढच्या पासासाठी लागणारा बोनाफाईड दाखला मात्र महिना संपण्याआधीच महाविद्यालयातून घेऊन ठेवा.