दगडाचे वय आणि डोंगराचे वय

परसातल्या काळ्या दगडाचे कार्बन डेटिंग कुठे करून मिळेल? (वाळपई)
कुठेच नाही. ती पद्धत कधीकाळी सजीव असलेल्या वस्तूंसाठी, आणि तीही सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच.

चंद्रनाथाचा डोंगर विझलेला ज्वालामुखी आहे म्हणतात. (पारोडा)
नाही. तो ग्रॅनाइट आहे, जमिनीत खोलवर थंड झालेला.

सर, चोर्ल्याचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीही तेवढाच जुना, असे मुलांच्या प्रकल्पात लिहू का? डोंगरांमधली खोरी कधी घडली तेही अशा दगडांवरून कळते का? (शिक्षिका, साखळी)
बाई, तसे मुळीच लिहू नका. ही चूक मला दर वर्षी भेटते. दख्खनचा लाव्हा, जो थिजून हा काळा बेसॉल्ट झाला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. तो थिजला की पोटॅशियम-४० या किरणोत्सारी अणूपासून तयार होणारा आरगॉन वायू खनिजांत साठू लागतो, आणि तो मोजून वय काढतात. हे वय थिजण्याचे. घाटाचा कडा त्यानंतर झिजत झिजत मागे सरकला, त्याचा हिशेब वेगळा.

खोऱ्यांचे म्हणाल, तर गाळातले कण जुन्या खडकांतून आलेले असतात. त्यांच्या वयावरून गाळ केव्हा साठला ते कळत नाही. म्हणून गाळात सापडलेला ज्वालामुखीच्या राखेचा थर शोधायचा; राख उद्रेकाच्या वेळीच पडते, त्यामुळे तिचे वय तेच थराचे. काश्मीरच्या करेवांत, म्हणजे खोऱ्यातल्या जुन्या गाळाच्या पठारांत, जिथे पांपोरचे केशर पिकते, असा एक थर सुमारे २४ लाख वर्षांचा निघाला. त्याखालचा गाळ आधीचा, वरचा नंतरचा. पीर पंजालच्या अंगाला करेवांचे थर तिरके झालेत, म्हणजे गाळ साठल्यावरही डोंगर उठतच होता. हे सगळे थर जागेवर पाहिल्यामुळे कळले. माझ्याकडे मात्र पिशवीभर दगड येतात आणि कुठल्या थरातला कोणता, ते कुणालाच सांगता येत नाही! परवाचा एक फोडला, तर आतपर्यंत तांबूस, बोटाने चुरडणारा. त्यातला आरगॉन केव्हाच निसटलेला. ताजा बेसॉल्ट हातोड्याखाली खणखणतो. प्रकल्प छापण्याआधी भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

‘सहा कोटी वर्षांचा’ दाखला देऊन दगड विकतात. घ्यावा का? (म्हापसा)
दगड आवडला तर घ्या, दाखल्याचे पैसे देऊ नका. कोणती पद्धत, कोणते खनिज, किती वर्षे मागेपुढे, हे त्यावर नसेल तर तो नुसता कागद. शंका असल्यास तज्ज्ञाला दाखवा.

घाटात रस्ता रुंद करताना दोन काळ्या थरांमध्ये लाल पट्टा उघडा पडलाय. दिवाळीनंतर नमुना पाठवू? (सत्तरी)
दिवाळीपर्यंत तिथे काँक्रीट येईल. लाल पट्टा म्हणजे बहुधा दोन लाव्ह्यांमधल्या विश्रांतीत तयार झालेली माती. आजच शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या लोकांना कळवा. कड्याखाली उभे राहून स्वतः खणू नका.