इंदूरमध्ये २५व्या वर्षी पहिला प्लॉट घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?

आधी कागद, मग जागा. बायपास किंवा सुपर कॉरिडॉरकडे प्लॉट दाखवला की खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) मागा आणि भूलेख पोर्टलवर, म्हणजे सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर, मालकाचं नाव स्वतः ताडून पाहा. निवासी डायव्हर्शन (शेतजमीन राहण्यासाठी वापरायची नोंद), टाउन अँड कंट्री प्लॅनिंग या नगररचना विभागाचा मंजूर नकाशा आणि रेरा (स्थावर मालमत्ता नियामक) नोंदणीचा नंबर, तिन्ही हवेत. ५०० चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पाला रेरा नोंदणी सक्तीची आहे.

इथे खरी फसगत होते ती 'डायरी'वरच्या सौद्यांत: वहीत नोंद, रोख रक्कम, 'रजिस्ट्री (खरेदीखताची नोंदणी) नंतर करू'. कृपा करून यात पडू नका. वहीतल्या नोंदीने मालकी मिळत नाही, आणि तोच प्लॉट दोघातिघांना विकलेला निघू शकतो. रेरा प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागताच येत नाही.

पैशाचं म्हणाल तर बँका प्लॉटला साधारण ७०-८० टक्केच कर्ज देतात. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी फी मिळून शहरात १२ टक्क्यांच्या वर जाते, तीही तुमच्याच खिशातून. म्हणजे २० लाखांच्या प्लॉटला साडेसहा लाख तरी हाताशी हवेत. रजिस्ट्री झाली की नामांतरणाचा, म्हणजे सरकारी दप्तरात मालक म्हणून तुमचं नाव चढवण्याचा, अर्ज लगेच टाका. बरेच जण तिथेच ढिले पडतात.