घुम्या, शिष्ट की नुसताच विचारात?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की आयएनटीपी टाइपच्या (मायर्स-ब्रिग्ज नावाची स्वभावाची प्रश्नावली माणसांचे सोळा प्रकार करते, त्यातला एक) माणसाला 'गप्प का बसलायस?' असं विचारू नका, 'कशाचा विचार चाललाय?' असं विचारा, मग बघा किती बोलतो. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर याच विषयाला देऊन टाकलं. अर्ध्या पत्रांत 'अगदी मीच!' आणि उरलेल्या अर्ध्यांत 'अगदी आमचे हे!' असा एकूण सूर आहे. पाच पत्रं घेतलीत, थोडी कापून, राग मानू नका.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. ऑनलाइन टेस्ट दिली, रिझल्ट आला आयएनटीपी. वर्णन वाचून खरं सांगतो डोळ्यांत पाणी आलं, लहानपणापासून सगळे मला घुम्या म्हणायचे आणि इथे पहिल्यांदा कुणीतरी मला बरोबर ओळखलं असं वाटलं. चार महिन्यांनी परत टेस्ट दिली तर आयएनटीजे! आता मी नक्की कोण? आणि मित्र म्हणतो हे सगळं राशिभविष्यासारखंच आहे, ते खरं आहे का?

उत्तर: आधी अक्षरं सांगते, कारण खूप जणांनी विचारलंय. आय म्हणजे इन्ट्रोव्हर्ट, चार माणसांत दमणारा आणि एकटा बसला की परत ताजातवाना होणारा. एन म्हणजे इन्ट्यूशन (आय आधीच वापरून झालं होतं म्हणून एन घेतलं, त्यात गूढ काही नाही), म्हणजे समोर काय आहे यापेक्षा त्यातून काय काय निघू शकेल यात रमणारा. टी म्हणजे थिंकिंग, निर्णय घेताना आधी 'हे सुसंगत आहे का' बघणारा. आणि पी म्हणजे पर्सीव्हिंग, जो शेवटच्या मिनिटापर्यंत काही ठरवत नाही कारण ठरवलं की त्याला अडकल्यासारखं वाटतं. 'जे' (जजिंग) वाल्याचं उलट, त्याला ठरलं की सुटल्यासारखं वाटतं. म्हणजे तुझा फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे, माणूस बदललेला नाहीये.

आता हे आलं कुठून. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर मोठा ग्रंथ लिहिला, अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द तिथूनच रुळले. तिकडे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाईंना होणाऱ्या जावयाला भेटल्यावर कोडं पडलं होतं की हा मुलगा आपल्या घरातल्या सगळ्यांपेक्षा इतका वेगळा विचार कसा करतो, आणि तिथून त्यांना स्वभावांचा नाद लागला (जावयामुळे सुरू झालेलं शास्त्र, मला हे फार आवडतं). पुढे युंग वाचल्यावर त्यांनी त्याचीच चौकट धरली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची मुलगी इझाबेल मायर्स हिने त्यावरून प्रश्नावली बनवायला घेतली, पहिल्यांदाच कामाला बाहेर पडणाऱ्या बायकांना आपल्याला कुठलं काम झेपेल हे कळावं म्हणून. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आणि तू ऑनलाइन जी फुकट टेस्ट दिलीस ती बहुतेक मूळ प्रश्नावली नाहीच, तिची भावंडं-चुलतभावंडं आहेत सगळी.

रिझल्ट का बदलला? कारण टेस्ट माणसांना दोन खोल्यांत बसवते, इकडे पी तिकडे जे, पण प्रत्यक्षात बरीचशी माणसं उंबरठ्यावर उभी असतात. उंबरठ्यावरच्या माणसाने एका प्रश्नाला 'कधीकधी' ऐवजी 'बहुतेक वेळा' म्हटलं की तो दुसऱ्या खोलीत. परीक्षेच्या आठवड्यात टेस्ट दिलीस तर जे येऊ शकेल, सुट्टीत दिलीस तर पी, एवढं साधं असू शकतं ते. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस असतच नाही हे युंगनेच म्हणून ठेवलंय. आज संशोधनात या सोळा खोल्यांपेक्षा बिग फाइव्ह मॉडेल जास्त चालतं, त्यात पाच मोजपट्ट्या असतात आणि तू प्रत्येकीवर कुठे आहेस तेवढंच सांगतात, खोली देत नाहीत.

मित्राचं थोडं खरं आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'हे खास तुझं वर्णन' म्हणून कागद दिला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती! तेव्हा 'तू बाहेरून शांत असतोस पण आत खूप काही चालू असतं' हे वाक्य वाचून गहिवरू नकोस, ते कुणालाही लागू पडतं. पण राशीत आणि यात एक फरक आहे, रास तुझ्या जन्मवेळेवरून काढतात आणि हे तूच दिलेल्या उत्तरांवरून. आरसाच आहे, जरा खुशामत करणारा. आणि घुम्या म्हणून घेण्यापेक्षा चार बरे शब्द मिळाले असतील तर घे की वापरून, फक्त ओळखपत्रासारखे गळ्यात घालून फिरू नकोस.

प्रश्न: लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा हुशार, शांत, व्यसन नाही, वाईट वागत नाही. पण मी रडत ऑफिसातलं काही सांगायला लागले की 'तू तो मेल आधी पाठवायला हवा होतास' म्हणतो. परवा मी म्हटलं तुला माझं काही वाटतच नाही, तर म्हणाला 'वाटत नसतं तर मी उपाय कशाला सांगितला असता?' त्याची आई गेली तेव्हासुद्धा तो रडला नाही, दोन दिवस नुसती कागदपत्रं लावत बसला होता. आता कुणीतरी सांगितलं की तो आयएनटीपी आहे. अशा माणसांना भावना नसतात का हो?

उत्तर: ताई, आधी एक कबुली देते. मी याच जातीची आहे. माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न मोडलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि मी कागद घेऊन मधे रेघ मारली, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. मला मनापासून वाटत होतं की मी मदत करतेय! ती उठून निघून गेली आणि तीन महिने बोलली नाही. बरोबर केलं तिने.

भावना नसतात असं अजिबात नाही. ते टी अक्षर निर्णयाबद्दल आहे, काळजात किती ओल आहे याबद्दल नाही. या टाइपची जी थिअरी आहे तिच्यात असं मानतात की माणसाचं एक हत्यार सगळ्यात धारदार असतं आणि त्याच्या बरोबर विरुद्ध असलेलं सगळ्यात बोथट. आयएनटीपीचं धारदार हत्यार म्हणजे मनातल्या मनात चालणारा तर्क, आणि बोथट म्हणजे समोरच्याच्या भावनेला तिथल्या तिथे दाद देणं. तुम्ही रडता तेव्हा तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हातात येईल ते सवयीचं हत्यार उचलतो. म्हणून मेल. म्हणून कागदपत्रं. आई गेल्यावर ज्याला दोन दिवस कागद लावावे लागले त्याच्या आत काय चालू असेल याचा अंदाज मी करू शकते, आणि तुम्हीही करू शकाल. अशांचं दुःख उशिरा येतं आणि भलत्याच दाराने येतं, सहा महिन्यांनी जुना चष्मा सापडला म्हणून अख्खा दिवस कुणाशी बोलणार नाहीत असं काहीतरी.

तुम्ही काय करायचं? सांगायला सुरुवात करायच्या आधी एक वाक्य बोला, 'मला आत्ता उपाय नकोय, नुसतं ऐक.' तुम्हाला वाटेल हेही सांगावं लागतं का, तर हो, लागतं, यात प्रेमाचा काही प्रश्न नाहीये, त्याला प्रश्नपत्रिकाच चुकीची दिसत असते, तुम्ही बरोबर दाखवलीत की तो बरा लिहितो. दुसरं म्हणजे भांडण त्याच रात्री मिटवायचा हट्ट सोडा. 'बोल, आत्ता बोल, गप्प का?' म्हटलं की हा माणूस शंखात शिरतो. 'उद्या संध्याकाळी बोलू' म्हणा आणि मग मात्र उद्या संध्याकाळी बोलाच. आणि महत्त्वाच्या गोष्टी समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा चालताना किंवा गाडीत बोलून बघा, नजरेला नजर नसली की आम्ही लोक बरंच काही बोलून जातो.

पण हे सगळं वाचून 'म्हणजे मीच सगळं समजून घ्यायचं' असं वाटलं असेल तर तेही चूक नाही. स्वभाव म्हणजे सवलतीचा पास नव्हे. ज्या डोक्याला अवघडातली अवघड सिस्टिम समजते त्याला 'तुला फार लागलं असेल ना ते' एवढं एक वाक्य शिकता येत नाही हे मी मानणार नाही. सुरुवातीला पाठ केल्यासारखं येईल. येऊ दे. मलाही तसंच आलं, मैत्रीण हसली होती.

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा. एकच मित्र. सतत काहीतरी उघडून बघणं, अर्धवट सोडणं, खोलीत अशा अर्धवट गोष्टींचं गोदाम झालंय. पाहुणे आले की दार बंद. नातेवाईक म्हणतात शिष्ट आहे, याला बोलतं करा. मी काळजी करू का?

उत्तर: आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, आपल्याकडे त्यांचा पार काला झालाय. अंतर्मुख मुलाला लोकांत जायची भीती नसते, त्याला ते पुरे होतं लवकर. लाजाळू मुलाला जायचं असतं पण धीर होत नाही. आणि ज्याला सोशल अँग्झायटी असते तो जायच्या आधी चार दिवस आणि आल्यावर चार दिवस त्याच विचाराने झुरतो. बाहेरून तिघेही दार बंद करूनच बसलेले दिसतात, म्हणून दाराकडे बघून काही कळणार नाही, त्यालाच विचारा, 'पाहुण्यांत बसायचं म्हटलं की कंटाळा येतो का भीती वाटते?' उत्तर कंटाळा असेल तर मी तरी निर्धास्त राहीन.

हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरचा गोंगाट त्याला लवकर जास्त होतो. त्यावरून त्यांनी एक मजेशीर प्रयोग केला होता, जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे आणि लाळ किती सुटते ते मोजायचं. अंतर्मुख लोकांना जास्त सुटली. म्हणजे पाहुण्यांचा आवाज तुम्हाला नुसता आवाज असतो, त्याला लिंबू असतो.

एक मित्र आहे ना, मग ठीक आहे. 'बोलतं करा' वाल्यांना हसून टाळा. अर्धवट गोष्टींबद्दल सांगायचं तर या मुलांना ती गोष्ट कशी चालते हे कळलं की त्यांच्या दृष्टीने ती पूर्ण झालेली असते. सगळ्या पूर्ण करायला लावू नका, वर्षातून एक करायला लावा, पण ती खरंच शेवटपर्यंत, कारण कंटाळा आल्यावर पुढे कसं जायचं हे त्याला आपोआप येणार नाहीये. काळजी कधी करायची तेही सांगते. ज्या गोष्टीत तो तासन् तास रमायचा तीच सोडली, झोप-भूक बदलली, त्या एका मित्रालाही टाळायला लागला, तर तो स्वभाव नाही, तेव्हा वाट बघत बसू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा.

प्रश्न: मी एचआरमध्ये आहे. टीम निवडताना ही टेस्ट घ्यायचं मॅनेजमेंटचं चाललंय, आयएनटीपी आला तर क्लायंटसमोर पाठवायचा नाही असा नियम करावा का?

उत्तर: नको. मूळ प्रश्नावली विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीवर निवडायला ही वापरू नका. तिच्यात आवड कळते, कुवत कळत नाही. तयारी करून गेलेला अंतर्मुख माणूस क्लायंटचं सगळं म्हणणं ऐकून घेतो आणि मग एकच प्रश्न विचारतो, बहुतेक वेळा तोच प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. फक्त त्याला अजेंडा आदल्या दिवशी द्या, ऐनवेळी 'तुझं मत?' म्हणून उभा करू नका.

(याच गठ्ठ्यात कुणीतरी विचारलंय की आइनस्टाइन आयएनटीपी होता हे खरं का. आइनस्टाइन गेला १९५५ मध्ये आणि ही प्रश्नावली पहिल्यांदा रीतसर प्रसिद्ध झाली १९६२ मध्ये. बाकी हिशोब तुम्ही करा. थोर माणसांना लोक चरित्र वाचून अक्षरं चिकटवतात, बस.)

प्रश्न: मीपण आयएनटीपी. मेसेज आला की मनात लगेच मस्त उत्तर तयार होतं, पण ते अजून नीट करू म्हणून पाठवायचं राहतं आणि मग मला वाटत राहतं की मी पाठवलंय. दोन मित्र कायमचे चिडलेत. काय करू?

उत्तर: मनातल्या उत्तराची डिलिव्हरी होत नाही, हे आपल्या जमातीला कुणीतरी लहानपणीच सांगायला हवं होतं. मेसेज वाचल्या क्षणी 'वाचलं, नीट विचार करून सांगतो' एवढं पाठवून द्यायचं, ते मस्त उत्तर नंतर आलं तर आलं. त्या दोघांना मात्र मेसेज नको, फोन कर, आणि आपण का उत्तर दिलं नाही याचं विश्लेषण करत बसू नकोस, फक्त चुकलं म्हण. आणि हो, तुझं पत्र माझ्याकडे येऊन बरेच दिवस झाले. उत्तर मनात कधीच तयार होतं. सॉरी.